एकाच सापळ्यात दोन-तीन ल्यूर लावले तर? (सोयाबीन, कांदा, हरभरा)

सीनाकाठ
मंडळी, बार्शी-मोहोळ भागात सोयाबीन उभं असतानाच शेजारच्या रानात कांदा असतो, आणि सोयाबीन निघालं की हरभरा. सोयाबीनवर स्पोडोप्टेरा लिट्युरा, म्हणजे पानं खाणारी अळी. कांद्यावर स्पोडोप्टेरा एक्सिग्वा. हरभऱ्यावर घाटेअळी. कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाच्या गोळीनं (ल्यूरनं) नर पतंग ओढणारे, तिघांसाठीही मिळतात. आता विक्रेते सरसकट सांगतात, "नरसाळ्याचा एकच सापळा घ्या, तिन्ही गोळ्या त्याच टोपीत अडकवा, पैसे वाचतील."
दोन प्रश्न आहेत. एक, असं केलं तर पकड वाढते की घटते? दोन, लिट्युरा आणि एक्सिग्वा ही सख्खी चुलत भावंडं, गंधातला एक घटकही दोघांत सामाईक. मग रात्रीच्या अंधारात नर गोंधळत कसे नाहीत? अनुभव नकोत, कारणं हवीत.

कडकभाकरी
एकाच मांडवात तीन लग्नं लावायची म्हणता. वऱ्हाड कुठल्या नवरीकडं जाईल ओ?

माळढोक
आधी गोळीत असतं काय ते पाहू.
लिट्युरा: मुख्य घटक झेड-९, ई-११ टेट्राडेकाडायनिल ॲसिटेट. त्याच्या जोडीला झेड-९, ई-१२ टेट्राडेकाडायनिल ॲसिटेट, मुख्य घटकाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं. पुढे मी यांना नुसतं '९-११' आणि '९-१२' म्हणतो, नाहीतर लिहिता लिहिता ज्वारी काढणीला येईल.
एक्सिग्वा: इथे ९-१२ हाच मुख्य घटक, आणि जोडीला झेड-९ टेट्राडेसिनॉल. शेवटचा 'ऑल' लक्षात ठेवा, हे ॲसिटेट नाही, अल्कोहोल आहे.
घाटेअळी, म्हणजे हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा: १६ कार्बनची दोन अल्डिहाइडं. झेड-११ हेक्झाडेसिनाल ९७ भाग, झेड-९ हेक्झाडेसिनाल ३ भाग.
आकडा म्हणजे दुहेरी बंध कितव्या कार्बनवर आहे ते. झेड की ई म्हणजे त्या बंधापाशी साखळी एकाच अंगाला वळते की विरुद्ध अंगाला. एवढ्याशा फरकावर या पतंगांचं सगळं गोत्र ठरतं.
आता पहिल्या प्रश्नाचं उत्तर. एक्सिग्वाच्या गोळीतलं ते अल्कोहोल एक्सिग्वाच्या नराला हवंच असतं, पण लिट्युराच्या नराला ते परतवून लावतं. शिवाय एक्सिग्वाची गोळी शेजारी आली की ९-१२ चं प्रमाण भलतंच वाढतं आणि लिट्युराचा १० ला १ हा हिशोब मोडतो. त्यामुळे या दोन गोळ्या एका टोपीत घातल्या की लिट्युराची पकड पडते. हरभऱ्याच्या गोळीचा मुद्दा वेगळा आहे, त्यावर नंतर लिहितो.

चादर_टॉवेल
'परतवून लावतं' म्हणजे काय? वास आवडत नाही, की वास येतच नाही?

मिशीवाला_पतंग
येतो. चांगला येतो. त्यासाठी वेगळी चेतापेशी राखून ठेवलेली असते, हीच तर गंमत आहे.
नराच्या मिशीवर हजारो बारीक संवेदी केस असतात. रेशीम किड्याच्या नराच्या एका मिशीवर मादीचा गंध टिपणारे असे सुमारे १७,००० केस असतात. केसाच्या भिंतीला सूक्ष्म छिद्रं, आत द्रव, आणि द्रवात बुडालेली दोन-तीन चेतापेशींची टोकं. गंधाचा रेणू तेलकट असतो, पाण्यात विरघळत नाही. त्याला छिद्रापासून चेतापेशीपर्यंत नेणारं एक वाहक प्रथिन असतं. चेतापेशीच्या पडद्यावर ग्राहक प्रथिन, म्हणजे रिसेप्टर, आणि त्याच्या जोडीला 'ओर्को' नावाचं दुसरं प्रथिन. दोन्ही मिळून आयनांची वाट उघडतात आणि स्पंदन निघतं. काम झालं की रेणू मोडून टाकणारी विकरं तिथेच तयार असतात. ती नसती तर जुना वास रेंगाळला असता आणि नराला मादी आत्ता समोर आहे की मघाशी होती हे कळलं नसतं.
आता मुद्दा. एकाच केसात अनेकदा दोन चेतापेशी शेजारी शेजारी असतात. एक आपल्या मादीच्या घटकाला जागी होते, दुसरी परक्या मादीच्या घटकाला. पहिलीचा निरोप 'चल', दुसरीचा 'थांब'. स्पोडोप्टेरात झेड-९ टेट्राडेसिनॉल टिपणारी चेतापेशी लिट्युरात 'थांब' सांगते आणि एक्सिग्वात 'चल' सांगते. रेणू तोच, निरोप उलटा.

कडकभाकरी
म्हणजे सासऱ्याच्या घराचा पत्ता आणि ज्या गल्लीत मार खाल्ला तिचाही पत्ता, दोन्ही पाठ असावे लागतात.

उजनी_बॅकवॉटर
वर सगळं 'घटक' या शब्दावर चाललंय. नुसत्या घटकांनी भागत नाही, प्रमाण बघा. त्यासाठी घाटेअळी आणि तिची बहीण हेलिकोव्हर्पा असल्टा ही जोडी सगळ्यात बोलकी आहे. ही असल्टा तंबाखू, मिरची असल्या वांगेकुळातल्या झाडांवर जगते. तिच्या मादीचा गंध त्याच दोन अल्डिहाइडांचा, फक्त पारडं उलटं. आर्मिजेरात झेड-११ जवळजवळ सगळं आणि झेड-९ चिमूटभर. असल्टात झेड-९ सुमारे ९३ आणि झेड-११ सुमारे ७.
दोन्ही नरांच्या मिशा तपासल्या तर केसांचे प्रकार तेच. पण आर्मिजेरात झेड-११ टिपणारे केस बहुसंख्य, असल्टात झेड-९ टिपणारे. मेंदूतही तसंच. मिशीच्या चेतातंतूंची टोकं जिथे पोचतात तिथे नरांमध्ये एक मोठा गुच्छ असतो, त्याला मॅक्रोग्लोमेरुलर कॉम्प्लेक्स म्हणतात. त्यातलं सगळ्यात मोठं दालन आर्मिजेरात झेड-११ ला दिलंय आणि असल्टात झेड-९ ला. घर एकाच नकाशाचं, माजघरात कोण बसतं तेवढं बदललं.
त्याहून बारीक गोष्ट. ओआर१४बी नावाचा ग्राहक दोघांतही आहे. असल्टाचा झेड-९ हेक्झाडेसिनालला सगळ्यात जास्त उत्तर देतो, आर्मिजेराचा झेड-९ टेट्राडेसिनालला, म्हणजे दोन कार्बननं आखूड रेणूला. २०१७ मध्ये दाखवलं गेलं की या प्रथिनातली २ अमिनो आम्लं बदलली की आवड एका जातीकडून दुसरीकडे सरकते. चारशेच्या वर अमिनो आम्लांच्या माळेत फक्त दोन मणी.

हुरडाप्रेमी
मग मिरचीतल्या अळीला असल्टाची गोळी लावायला हवी. सगळे हेलिल्यूरच (घाटेअळीची गोळी) का विकतात?

उजनी_बॅकवॉटर
कारण आपल्याकडे मिरचीवर असल्टापेक्षा आर्मिजेरा आणि लिट्युराच जास्त सापडतात. असल्टा दिसलीच तर पतंग आकारानं लहान, रंगानं जास्त पिवळट-नारिंगी आणि पंखावरच्या खुणा ठळक. आर्मिजेराचा नर फिकट हिरवट-करडा, पुढच्या पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा गडद डाग, मागचा पंख फिकट आणि त्याच्या कडेला रुंद काळपट पट्टा. सापळ्यात दोन दिवस पडून खवले झडले की ही ओळख अवघड होते. म्हणून रोज सकाळी उन्हं चढायच्या आत मोजावं.
आणि करडई लावणाऱ्यांनी हेही बघावं: करडईचं बोंड पोखरणारी हेलिओथिस पेल्टिजेरा याच गोतावळ्यातली. करडईच्या शेतातल्या सापळ्यात पडला तो प्रत्येक पतंग घाटेअळीचाच असं धरून मोजू नये.

बार्शीलाइट
सगळं छान आहे, पण मुळात सापळा म्हणजे पोरखेळ. पडतात ते नर. अंडी घालते मादी. दहा नर मेले तरी अकरावा आहेच. पैसे पाण्यात.

माळढोक
अर्धं खरं. एक नर वेगवेगळ्या रात्री वेगवेगळ्या माद्यांशी मीलन करतो, म्हणून थोडे नर मारून अंडी कमी होत नाहीत. आणि शेतात माद्या खूप झाल्या की खऱ्या माद्यांशी गोळीची स्पर्धा होते, तेव्हा तर पकड उलट कमी दिसते. सामूहिक पकडीसाठी एकरी ८-१० सापळे लावतात. ते किडीची संख्या कमी असतानाच, हंगामाच्या सुरुवातीला, आणि एकट्या शेतकऱ्यानं नाही तर गावानं मिळून लावले तरच अर्थ आहे. माद्या शेजारच्या रानातून फळवून येत असतील तर तुमच्या बांधावरचे सापळे काय करणार?
पण देखरेखीसाठी हेक्टरी ५ सापळे पोरखेळ नाहीत. हरभऱ्यात दर सापळ्यामागे रोज ८-१० पतंग सलग २-३ दिवस आले, की पुढच्या काही दिवसांत अंडी आणि बारीक अळ्या दिसणार हे धरून शेंडे तपासायचे. फवारणी त्या पाहणीवर ठरते, नुसत्या सापळ्यावर नाही.

बार्शीलाइट
हेच म्हणायचं होतं. गजर म्हणून ठीक, औषध म्हणून नाही.

कडकभाकरी
मघाशी 'पोरखेळ' म्हणाला होतात. गाडी मीटरगेजवरून ब्रॉडगेजला आली.

बार्शीलाइट
बार्शी लाइट रेल्वे मीटरगेज नव्हती, नॅरोगेज होती. अडीच फुटाची. धाग्यावर राहा.

सांगोल्याची_टोपली
डाळिंबाला यातलं काय चालेल? सुरसा अळीसाठी ल्यूर मागतात लोक.

मिशीवाला_पतंग
नाही चालणार. सुरसा हे फुलपाखरू, पतंग नव्हे. दिवसा उडतं, जोडीदार मुख्यतः नजरेनं हुडकतं. मैलभरावरून गंधावर येण्याची रीत रात्रीच्या पतंगांची. सुरसाला फळ वेळेत झाकणं आणि पोखरलेली फळं गोळा करून नष्ट करणं हाच मार्ग. रात्री येऊन डाळिंबाचा रस शोषणारे जे मोठे पतंग असतात, त्यांच्यावरही ही नराची गोळी चालणार नाही, कारण ते गोड वासावर येतात, मादीच्या गंधावर नाही.
आणि फळमाशीचा सापळा यात मिसळू नका. त्यातलं मिथाइल युजेनॉल माशीसाठी आहे, पतंगासाठी नाही. पण तिथेही भावंडांचा हाच खेळ आहे: आंबा-पेरूवरच्या माशीचा नर मिथाइल युजेनॉलला येतो, काकडी-दोडक्यावरच्या माशीचा क्यू-ल्यूरला. गोळी चुकली की शेतात माशी भरपूर आणि डबा रिकामा.

मक्याचं_कणीस
मक्याचं सांगतो. अमेरिकन लष्करी अळी, स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा, भारतात २०१८ मध्ये आली. तिच्या ल्यूरमध्ये झेड-९ टेट्राडेसिनिल ॲसिटेट मुख्य आणि झेड-७ डोडेसिनिल ॲसिटेट थोडं. ते थोडं नसेल तर नर येत नाहीत म्हटलं तरी चालेल. पण ल्यूर चांगला असूनही परके पतंग पडतात. मिथिम्ना लोरेयी हा नेहमीचा पाहुणा, कारण त्याच्या मादीच्या गंधातही हे दोन्ही घटक आहेत. नवखा माणूस त्याला लष्करी अळी समजून मोजतो आणि विनाकारण फवारतो.
ओळख: फ्रुजिपर्डाच्या नराच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी पांढरट तिकोनी डाग आणि मधोमध तिरपा, फिकट लंबगोल ठिपका. लोरेयी गवताच्या रंगाचा, त्याच्यावर अशा ठळक खुणा नाहीत. एक्सिग्वा फ्रुजिपर्डापेक्षा लहान, त्याचा ठिपका गोल आणि नारिंगीसर. लिट्युराच्या पंखावर फिकट रेघांची जाळी, लांबून ओळखू येते.
आणि याच अळीत दोन कुळं आहेत, मक्याचं आणि भाताचं. दिसायला एकसारखी. पण मक्याचं कूळ रात्रीच्या सुरुवातीला मीलन करतं, भाताचं उशिरा. गंधाच्या प्रमाणातही फरक. म्हणजे फारकत नुसत्या रेणूंची नाही, घड्याळाचीही असते.

चादर_टॉवेल
घड्याळ हे भारी आहे. पण एक कळत नाही. मादीनं गंधाचं प्रमाण बदललं आणि नर जुन्याच प्रमाणाला चिकटून राहिला तर तिचं लग्नच होणार नाही. मग नवी जात तयार होते कशी? दोघांनी एकाच वेळी बदलायचं ठरवलं का?

उजनी_बॅकवॉटर
या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न.
यासाठी युरोपातल्या मक्याच्या खोडकिड्याकडे जावं लागेल, ऑस्ट्रिनिया न्युबिलालिस. त्याची दोन कुळं आहेत. एकात झेड-११ टेट्राडेसिनिल ॲसिटेट ९७ आणि त्याचंच ई रूप ३. दुसऱ्यात ई रूप ९९ आणि झेड १. मादीत हे प्रमाण ठरतं ते गंधग्रंथीतल्या एका विकराच्या जनुकामुळे, ते आहे साध्या गुणसूत्रावर. नराची पसंती ठरवणारं जनुक दुसरीकडेच, झेड लिंग-गुणसूत्रावर. २०२१ मध्ये त्याची ओळख पटली, नाव 'बॅब'. आणि ते ग्राहक प्रथिनाचं जनुक नाहीच! ते चेतासंस्थेची घडण करणारं आहे. म्हणजे या किड्यात कुलूप-किल्ली एका साच्यातून निघत नाही. मादीची किल्ली एका लोहाराकडे, नराचं कुलूप दुसऱ्याकडे.
मग नवीन गंधाच्या मादीकडे पहिल्यांदा कोण जातं? याच किड्याचा आशियाई भाऊ, ऑस्ट्रिनिया फर्नाकालिस, गंधात दुहेरी बंध १२ व्या कार्बनवर ठेवतो. युरोपीय जातीच्या नरांत शंभरातले मूठभर असे सापडले की जे आपल्या गंधाबरोबर या परक्या गंधालाही येतात. असे थोडे 'सढळ नाकाचे' नर कळपात असले की वेगळ्या गंधाची मादी अगदीच वाऱ्यावर पडत नाही.

कडकभाकरी
३६ गुण जुळायलाच पाहिजेत असं न मानणारे नर. पतंगांतही असतात तर.

रेशमाचं_कोसलं
ग्राहकाच्या बाजूनं एक प्रयोग सांगतो, कारण तुती लावणाऱ्यांना तो ऐकायला आवडेल. पतंगाचा पहिला ओळखलेला गंध रेशीम किड्याचाच, बॉम्बिकॉल. ॲडॉल्फ बुटेनांट यांनी १९५९ मध्ये तो शोधला, त्यासाठी सुमारे ५,००,००० माद्यांच्या गंधग्रंथी लागल्या. नराच्या मिशीवरचा बॉम्बिकॉलचा ग्राहक म्हणजे बीएमओआर१.
२०११ मध्ये जपानी संशोधकांनी रेशीम किड्याच्या नरात, बॉम्बिकॉल टिपणाऱ्या त्याच चेतापेशीत, कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा ग्राहक बसवला. हा ग्राहक झेड-११ हेक्झाडेसिनाल टिपतो. नर कोबीच्या पतंगाच्या मादीभोवती पंख फडफडवत नाचायला लागला. मेंदूतली वाट जशीच्या तशी, फक्त दारावरचा राखणदार बदलला.
आता बघा, झेड-११ हेक्झाडेसिनाल म्हणजे वर माळढोक यांनी सांगितलेला घाटेअळीचा मुख्य घटक. कोबीवरचा पतंग आणि घाटेअळी, नातं लांबचं, मुख्य रेणू तोच. फरक करतात ते जोडीचे घटक. कोबीच्या पतंगाच्या गंधात त्याच साखळीचं ॲसिटेटही असतं. अमेरिकेतल्या घाटेअळीच्या बहिणीला, हेलिकोव्हर्पा झियाला, हे ॲसिटेट म्हणजे 'थांब'. त्यामुळे कोबीची गोळी हेलिल्यूरच्या डब्यात ठेवणं म्हणजे दुधात मीठ.

उजनी_बॅकवॉटर
उजनी ते जपान असा प्रवास झाला. पण ग्राहकच सगळं ठरवतो असं समजू नका. रेशीम किडा हजारो वर्षं माणसाच्या ताब्यात, उडत नाही, शत्रू नाहीत, शेजारी भावंडं नाहीत. त्याची 'थांब'ची बाजू सोपी आहे. रानातल्या पतंगात एका ग्राहकाच्या बदलानं एवढं सगळं होत नाही.

रेशमाचं_कोसलं
मान्य. पण 'थांब'चा आणखी एक उपयोग आहे, तो परक्या जातीसाठी नाही, घरातल्यांसाठीच आहे. घाटेअळीची नुकतीच बाहेर पडलेली, अंडी न पिकलेली मादी झेड-११ हेक्झाडेसिनॉल जास्त सोडते, म्हणजे अल्डिहाइडाऐवजी अल्कोहोल. नराचा ओआर१६ हा ग्राहक ते ओळखतो आणि नर मागे फिरतो. ओआर१६ चं जनुक निकामी केलं तर नर कोवळ्या माद्यांशी मीलन करतात आणि अंडी कमी फळतात. २०१७ चं काम.

सीनाकाठ
मंडळी, विषय रंगला. पण माझा सापळा अजून टोपीतच अडकलाय. हरभऱ्याची गोळी लिट्युराच्या टोपीत ठेवावी की नाही? माळढोक 'नंतर लिहितो' म्हणाले होते.

माळढोक
लिहितो. आधी हे समजून घ्या की नर गंधाच्या 'ढगात' उडत नाही. वाऱ्यानं गंधाचे तुटक धागे होतात. गड्ड्याच्या यात्रेत भज्याच्या वासाचा झोत येतो, मग माणसांच्या गर्दीत तुटतो, चार पावलांवर पुन्हा येतो, तसं. धागा मिशीला लागला की पतंग वाऱ्याच्या विरुद्ध सरळ झेप घेतो. धागा तुटला की डावी-उजवीकडे हेलकावे खात हुडकतो. अखंड, सारख्या गंधाच्या हवेत तर तो पुढे येणंच सोडतो.
आता १९९८ चा एक प्रयोग. हेलिकोव्हर्पा झियाच्या नरांना मादीचा गंध आणि 'थांब' सांगणारं ॲसिटेट एकाच ठिकाणाहून दिलं, दोन्हींचे धागे एकावर एक. नर फारसे आले नाहीत. मग दोन उगम फक्त १ मिलिमीटर वेगळे केले, तर लक्षणीय संख्येनं आले. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या फरकानं दोन धागे वेगळे आले तरी नराला कळतं की हा गंध एका मादीचा नाही. वर मिशीवाला_पतंग म्हणाले ना, दोन चेतापेशी एकाच केसात शेजारी असतात, त्याचा उपयोग हा.
यावरून कुणी म्हणेल, "मग गोळ्या दोन इंच अंतरावर ठेवा, झालं!" टोपीखाली ते चालत नाही. टोपी आणि नरसाळ्याच्या मधल्या दोन-तीन बोटांच्या फटीत हवा घुसळते, धागे पुन्हा मिसळतात. शिवाय काही दिवसांत टोपीचं आणि नरसाळ्याचं प्लॅस्टिक दोन्ही वास पिऊन घेतं. मग गोळी काढली तरी सापळा जुन्या वासाचाच राहतो.
माझं मत: एक सापळा, एक गोळी. तिघांसाठी तीन सापळे. गोळी बदलताना दुसऱ्या किडीची लावायची असेल तर सापळाही बदला.

हुरडाप्रेमी
आणि पैसे?

माळढोक
हेक्टरी ५ सापळे. सोयाबीनमध्ये लिट्युराचे ५, कांद्यात एक्सिग्वाचे ५. हरभऱ्यासाठी हरभरा उगवल्यावर लावायचेत, तोपर्यंत सोयाबीनचे रिकामे होतातच, पण ते हेलिल्यूरसाठी वापरायचे तर टोपी नवी घ्या. टोपीची किंमत फवारणीपेक्षा कमी.

मिशीवाला_पतंग
गोळी कशी हाताळायची तेही लिहायलाच हवं, कारण 'ल्यूर बोगस निघाला' अशा तक्रारींतल्या निम्म्या इथेच तयार होतात.
९-११ सारख्या रेणूत दोन दुहेरी बंध एकाआड एक असतात. उन्हात त्यांची रूपं बदलतात, झेडचं ई होतं, आणि नर ओळखत नाहीत. गोळीच्या रबरात गंधक असेल तरी असंच होतं, म्हणून असल्या घटकांना करड्या साध्या रबराचा बुच चालत नाही. म्हणून लिट्युराची गोळी टोपीच्या सावलीतच हवी, बाहेर लटकवायची नाही.
घाटेअळीच्या अल्डिहाइडांचं दुखणं वेगळं. ती हवेत ऑक्सिडीकरण होऊन आम्ल बनतात. म्हणून कंपन्या त्यात ऑक्सिडीकरण रोखणारा पदार्थ घालतात. तरी पाकीट फोडल्यावर गोळी लगेच वापरा, अर्धी उरलेली पाकिटं कपाटात ठेवू नका. न फोडलेली पाकिटं फ्रीजमध्ये, किडीप्रमाणे वेगळ्या डब्यांत. मे महिन्यात सोलापूरची दुपार ४२-४३ अंशांवर असते, गाडीच्या डिक्कीत त्याहून जास्त. तिथे दोन दिवस राहिलेल्या गोळीतला अर्क तिथेच उडालेला असतो. मग पुढे ३० दिवस टिकणारी गोळी आठवड्यात गार पडते.
लावताना हातमोजे किंवा चिमटा. एका किडीची गोळी लावून त्याच हातानं दुसरीला हात लावला तर तुम्हीच दोन्ही ल्यूर मिसळलेत. शेतात गोळी २१ ते ३० दिवसांनी बदला, उन्हाळ्यात लवकर. जुनी गोळी बांधावर टाकू नका, ती तिथूनही गंध सोडत राहते आणि नर सापळ्याऐवजी बांधाकडे जातात. खिशात घालून घरी आणा आणि बंद डब्यात टाका.

कडकभाकरी
खिशात घालून घरी? रात्री खिडकीबाहेर वरात येईल ती कोण आवरणार?

मिशीवाला_पतंग
बंद डबीत घालून. दुरुस्ती मान्य.

मक्याचं_कणीस
ज्यांना खात्री करून घ्यायची आहे त्यांच्यासाठी साधी चाचणी. ४ प्रकारचे सापळे: (अ) लिट्युराची गोळी, (ब) एक्सिग्वाची गोळी, (क) दोन्ही एका टोपीत, (ड) कोरी गोळी, म्हणजे अर्क नसलेलं रबर. कोरी नसली तर 'काहीही लावलं तरी दोन पतंग पडतातच' हा हिशोब काढता येत नाही. प्रत्येक प्रकाराचे ३ सापळे, एकमेकांपासून २५-३० मीटर, वाऱ्याच्या आडव्या रांगेत, म्हणजे एकाचा गंध दुसऱ्यावर वाहून जाणार नाही. उंची पिकाच्या शेंड्यापासून फूटभर वर, पीक वाढलं की काठीवर सरकवत न्या. रोज सकाळी मोजून पिशवी रिकामी करा आणि रोज सापळ्यांच्या जागा एकेक पुढे सरकवा, नाहीतर बांधाजवळच्या सापळ्याला आपोआप जास्त गुण मिळतील. वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या ओळीत लिहा. १२ दिवसांत प्रत्येक जागी प्रत्येक प्रकार तीनदा येतो.

सीनाकाठ
सोयाबीन-कांद्यात हेच मांडतो. काठ्या बांबूच्या, १२.

हुरडाप्रेमी
काठीला खाली वीतभर जुनं ग्रीस फासा. नाहीतर मुंग्या चढून पिशवीतले पतंग नेतात आणि सकाळी नुसते पंख मोजत बसावं लागतं.

सीनाकाठ
फासतो. पंखांवरून जात ओळखायची वेळ नको.